काचेला आधी कळतं

१ डिसेंबर, शुक्रवार

ती. वन्संना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं ठेवण्याआधी जमीन स्थिर आहे ना ते बघून घेतलं, कारण हल्ली इथे त्याची खात्री देता येत नाही. देवाच्या दयेने आम्ही दोघं खुशाल. तुमचा गुडघा थंडीने कुरकुरत असेल, त्याला जपा. पाकीट जुनंच उलटून चिकटवलं आहे, त्यावरून काही मनात आणू नका. पाकीट जुनं असलं तरी आतली बातमी कोरी करकरीत आहे.

बातमी अशी, की तुमचे बंधू मोठे माणूस झाले. हसणार असाल तर हसून घ्या आणि मग पुढे वाचा.

इथे गेले कितीतरी दिवस हादरे बसताहेत, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. मोठे नाहीत. कपाटातल्या कपबशा आपसात कुजबुजतात, दिवा जरासा डुलतो, की संपलं. पहिल्या खेपेला मी भाजी गॅसवर तशीच टाकून रस्त्यावर पळाले आणि भाजी करपली. दुसऱ्या खेपेला गॅस बंद केला, दुधावर झाकण ठेवलं आणि मग पळाले. आता पळतही नाही. दाराची चौकट धरते, देवाचं नाव घेते, आणि हादरा थांबला की राहिलेला कांदा चिरते. सवय वाईट म्हणतात ती अशी.

आता दुकानाचं. आपल्या तसबिरींच्या दुकानात तुम्ही येऊन बरीच वर्षं झाली, म्हणून सांगते. डाव्या भिंतीला मोठाल्या काचा तिरक्या टेकवून ठेवलेल्या असतात आणि समोर यांचं काच कापायचं टेबल. एक दिवस गिऱ्हाईक समोर उभं होतं, यांनी काचेवर पट्टी लावली, काच कापायचा हिरा टेकवला आणि न ओढताच उचलला. म्हणाले, "थांबा, येतोय." गिऱ्हाईक म्हणालं, "कोण येतोय?" आणि दुकान हललं.

एकदा झालं तर बोलाफुलाला गाठ म्हणू. पण दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा शेजारचा सलूनवाला उसना नेलेला कंगवा परत द्यायला आला होता, त्याने स्वतः डोळ्यांनी बघितलं. यांनी हात वर केला, "आला," म्हणाले, आणि मग आला. सलूनवाल्याला तुम्ही ओळखत नाही. त्याला एक गोष्ट सांगितली की गल्लीत वेगळी दवंडी पिटायला नको. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच ठेवून तो परत आला.

"काका, तुम्हाला कळतं कसं?"

"मला कुठे कळतं? काचेला कळतं. ती आधी गुणगुणते."

"काच कुणाची?"

"माझी."

"मग कळणंही तुमचंच. पुढचा कधी?"

यांना कामाची घाई होती. त्याला वाटेला लावायला म्हणाले, "येईल संध्याकाळपर्यंत." आणि वन्सं, दिवेलागणीच्या आत आला. दुसऱ्या दिवशी सलूनवाल्याबरोबर चौघं आले. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभं राहायला जागा नव्हती. यांना आता गल्लीत हादरेकाका म्हणतात. लोक घरातले जुनेपुराणे फोटो शोधून काढून तसबिरी करायला आणतात, म्हणजे तेवढ्यात विचारता येतं. कालच एका बाईंनी आपल्या मांजराचा फोटो आणला. त्याच मांजराला गेल्या महिन्यात त्यांनी काठीने हाकललेलं मी बघितलं आहे.

मला काय वाटत असेल ते तुम्हाला सांगायला हवं का? ज्या माणसाला बाजारात भाजीवालाही "काकू कुठे आहेत" असं विचारायचा, त्याच्यासाठी लोक चहा घेऊन येतात. मागल्या खेपेला निघताना तुम्ही टॅक्सीवाल्यासमोर यांना बावळट म्हणालात. हे म्हणतात मी विसरलो. पण त्यानंतर तुम्हाला पत्र लिहायचं म्हटलं की यांना नेमकं दुकानात काम निघतं, आणि लिहायचं माझ्यावर येतं. म्हणून मुद्दाम कळवते आहे. मी रोज दिवा लावते, कुणाचं वाईट चिंतत नाही, देवाने कधीतरी बघायचंच होतं.

आता सगळे एकच विचारतात, मोठा कधी? हे मान हलवतात, म्हणतात मला काय ठाऊक. मला वाटतं ठाऊक असेल, यांचा विनय आड येतो. देवाने कान दिले ते अर्धेच कशाला देईल?

गुडघ्याला शेक घ्या. पत्र पावल्याचं कळवा, आणि वाचून काय वाटलं तेही, अगदी जसंच्या तसं.

तुमची आनंदात असलेली,
भावजय


१२ डिसेंबर, मंगळवार

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. चार पानं होती, त्यातली तीन मला शाळेत बसवणारी. तुम्ही भूगोल शिकवणं सोडलंत असं कोण म्हणतं? तरी मी सगळं दोनदा वाचलं, एकदा स्वतःशी आणि एकदा यांना मोठ्याने.

छोटे हादरे बहुतेक वेळा छोटेच राहून विरून जातात, हे वाचलं. कधीतरी, फार क्वचित, त्यांच्यामागून मोठा येतो, पण कोणते हादरे त्याची चाहूल होते हे तो येऊन गेल्यावरच म्हणता येतं, हेही वाचलं. काचेचं तुम्ही लिहिलंत ते मला फार आवडलं. की भूकंपाची एक हलकी लाट पुढे पळत येते आणि जड लाट मागून. हलकीने काच वाजते, जड लाटेने दुकान हलतं, आणि मधलं अंतर दोन श्वासांचं. "त्याला तेवढंच कळतं, आणि तेवढंच कळू शकतं," असं तुम्ही लिहिलंत. शेवटचं वाक्य मात्र यांना वाचून दाखवावं की नाही असा प्रश्न पडला होता. "वार सांगणारा एकतर लबाड असतो नाहीतर बावळट, आणि माझा भाऊ लबाड नाही." पण वाचलं. हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून सांगते.

तुमचं पत्र थोडं उशिरा आलं. वार सांगून झाला होता.

तो कसा, ते ऐका. दुकानासमोर ही गर्दी. सलूनवाला मोबाईल रोखून पुढे. "काका, तारीख नको, नुसता वार सांगा." हे म्हणाले, मला नाही सांगता येत. मागून कुणीतरी ओरडलं, "कळतंय पण सांगत नाहीत, स्वतःच्या नातेवाइकांना सांगितलं असणार." यांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाची किटली घेऊन दारात उभी होते. मी मान हलवली. म्हणजे अगदी जराशी, सांगून टाका अशी. आणि हे म्हणाले, "शनिवार."

नंतर मी विचारलं, शनिवारच का? तर म्हणाले, "शुक्रवार फार जवळ वाटला."

असो. तर सगळी गल्ली आता शाळेच्या मैदानावर राहायला आली आहे. वन्सं, तुम्ही बघायला हवं होतंत. गोलपोस्टांच्या मध्ये चादरी बांधल्या आहेत. सलूनवाल्याने आपली फिरती खुर्ची झाडाखाली आणून ठेवली आहे आणि धंदा तिथेच चालू आहे. एकाच मोठ्या पातेल्यात सगळ्यांचा स्वयंपाक होतो, आणि किती शिजवायचं, काय उरवायचं नाही, हे सगळं माझ्याकडे आहे. काल पन्नास माणसं जेवली आणि पातेलं पुसून ठेवण्याइतकं स्वच्छ निघालं. संध्याकाळची प्रार्थनाही मीच सांगते. ज्या दोघी जावांनी वाटणीपासून एकमेकींचं तोंड बघितलं नव्हतं, त्यांतल्या एकीने काल दुसरीकडे मीठ मागितलं. दुसरीने दिलं. जरा जोरात आपटून दिलं, पण दिलं. मला तर वाटतं, भूकंप आला नाही तरी या हादऱ्यांनी काम केलं.

तुम्ही विचारलंत की यांनी सांगितलेलं किती वेळा चुकलं. ते मी मोजलंच नाही. घरात काडेपेटी आली तरी लिहून ठेवणारी मी, पण इथे जमा तेवढी गॅलरीतून सगळ्यांना ऐकवली आणि खर्च पदराआड घातला. कुणी म्हणालं, काकू, काल सांगितलं होतं पण काही आलं नाही, तर मी म्हणायची, आला होता, तुम्ही घोरत होतात. रोज उठून चार-पाच हादरे बसत असताना "संध्याकाळपर्यंत येईल" म्हणायला देवाचा कान कशाला हवा, हे तुमचं पत्र वाचताना माझ्या ध्यानात आलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. फक्त आमचा कावळा दिवसभर बसूनच होता.

बाकी सगळं उत्तम.

गल्लीच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाली राहते. एकाच खोलीचं घर, दारातच इस्त्रीचं टेबल. तिची सून नुकतीच बाळंत झाली, मुलगी आहे, अगदी ओंजळीएवढी. तीही मैदानावर आहे, प्लास्टिकच्या कापडाखाली. इथे सकाळी वारा फार बोचरा असतो. काल सून सासूला म्हणाली, "आई, घरात जाऊया ना. हिचे पाय गार पडतात." इस्त्रीवाली म्हणाली, "काकांनी शनिवार सांगितलाय. रविवारी जाऊ." सून म्हणाली, "आणि काका चुकले तर?" "काका आजवर चुकलेत का कधी? काकूंनाच विचार." आणि दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यात डाव फिरवत होते. तशीच फिरवत राहिले.

हे मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

बाकी सगळं उत्तम असं वर लिहिलं ते खोडायला नको, कागद खराब दिसतो. पण हे जेवत नाहीत. ताट पुढे केलं की म्हणतात मगाशीच जेवलो. दिवसभर दुकानात एकटेच काचेला तळहात लावून उभे असतात. आज सकाळी मी डबा घेऊन गेले तर मला म्हणाले, "अगं, शनिवारचं ही काही बोलत नाही. तू कान लावून बघ." मी लावला. गार काच, दुसरं काय. मी म्हटलं, मग तसं सांगून टाका सगळ्यांना. म्हणाले, "येणार नाही असं सांगू? आणि आला तर? आत गेलेल्या प्रत्येकाचं मी काय करू?" मी म्हटलं, मग गप्प राहा. म्हणाले, "त्या पोरीला काही झालं तर त्याचं काय करू?"

हो म्हणणं खोटं आणि नाही म्हणणंही खोटं, अशा जागी माणूस अडकला आहे, वन्सं, आणि तिथे जायची वाट मी मान हलवून दाखवली. मला बोलायला जमत नाही. मी बोलले की ते बायकोचं बोलणं होतं. तुमचं ते ऐकतात, लहानपणापासून ऐकत आले आहेत, रागावले तरी ऐकतात. तुम्ही आलात तर बरं होईल. गुडघा दुखत असेल तर नका येऊ.

या.

वाट बघणारी,
तुमची भावजय


१७ डिसेंबर, रविवार

ती. वन्संना,

नमस्कार, आणि हे पत्र आमच्या घरातून, स्वयंपाकघराच्या टेबलावरून लिहिते आहे, म्हणजे काय ते समजा. माझं मंगळवारचं पत्र तुम्हाला अजून मिळालं नसेल. त्यात मी या म्हणून लिहिलं आहे. ते वाचून तुम्ही सामान बांधलंत तर आता ती निकड राहिली नाही. पण बांधलेलं सोडू नका.

कुठून सुरू करू तेच कळत नाही. हात शाईने भरले आहेत, दोनदा धुतले.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थना संपली आणि मी ताटं मांडायला उठणार, तेवढ्यात हे आले. दिवसभर दुकानात होते. कुणाशी न बोलता सरळ सलूनवाल्याच्या खुर्चीवर चढून उभे राहिले. ती फिरती खुर्ची, हे एका बाजूला वळले तर खुर्ची दुसऱ्या बाजूला. सलूनवाल्याने धावत येऊन ती धरली आणि दुसऱ्या हाताने मोबाईल काढला.

हे म्हणाले, "शनिवारचं मला काही माहीत नाही."

मागच्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हणाले, "मला दोन श्वास आधी कळतं. तेही मला नाही, काचेला. दोन दिवस आधीचं मला कळत नाही. कुणालाच कळत नाही. मी शनिवार म्हणालो ते तुम्ही जात नव्हता म्हणून."

मला वाटलं होतं, लोक सुटकेचा निःश्वास टाकतील. कसलं काय. एक म्हणाला, "म्हणजे येणार नाही?" हे म्हणाले, तसं नाही, येईलही. "कधी?" माहीत नाही. "म्हणजे येणार आहे, पण तुम्ही सांगत नाही." अहो, माहीत नाही. "मग इतके दिवस माहीत कसं होतं?" वन्सं, माणसाला हो चालतं, नाही चालतं, पण माहीत नाही म्हटलं की तो चिडतो, हे मी त्या दिवशी बघितलं. सलूनवाल्याने मोबाईल खाली केला. म्हणाला, "काका, माझं दुकान बंद करायला लावलंत तुम्ही." मला राहवलं नाही. मी डाव हातात घेऊन पुढे झाले आणि म्हटलं, "बंद कुठे केलंस? झाडाखाली दुप्पट डोकी भादरलीस. आणि शनिवार त्यांच्या तोंडून काढला तो तू आणि मी. तू मोबाईल धरलास आणि मी मान हलवली. आणि चुकलेले हादरे मी झाकून ठेवले, तेही ऐकून घ्या." मग मी ते सगळं सांगितलं, घोरण्याचं वगैरे. घोरणारे जरा खाली बघायला लागले.

तेवढ्यात इस्त्रीवाली उठली. तिचा आवाज मोठा नाही. म्हणाली, "काका, बाकीचं जाऊ द्या. मला एवढंच सांगा. पोरीला आत नेऊ की बाहेर ठेवू?"

खरा प्रश्न तोच होता. हे खुर्चीवरून उतरले. मला वाटलं आता हे म्हणणार मला माहीत नाही, आणि ती बाई रडणार. पण हे म्हणाले, "चल, घर दाखव."

आम्ही चौघं गेलो, हे, मी, इस्त्रीवाली आणि बाळाला घेऊन सून. मागून हळूहळू निम्मी गल्ली. घर म्हणजे एकच खोली, वर पत्रा, वरती दुसरं काही ओझं नाही. यांनी भिंती हाताने ठोकून बघितल्या, पत्र्याकडे बघितलं आणि मग बाळंतिणीच्या खाटेकडे बघितलं आणि तिथेच थांबले. खाटेच्या उशाशी, बरोब्बर उशीच्या वर, इस्त्रीवालीच्या नवऱ्याची मोठी तसबीर. जाड काच, सागवानी चौकट, आणि सगळं एका खिळ्यावर.

"ही मी बसवली," हे म्हणाले.

इस्त्रीवाली म्हणाली, "हो की, तुम्हीच. खिळाही तुम्हीच ठोकलात, पैसे घेतले नाहीत."

यांनी चपला काढल्या, खाटेवर चढले आणि तसबीर उतरवली. इस्त्रीवालीचा जीव खालीवर. "अहो, त्यांना जमिनीवर कुठे ठेवता?" सून पहिल्यांदा मोठ्याने बोलली, "आई, बाबा डोक्यावर पडायचे थांबतील तर बरं. हयातीतही फार डोक्यावर बसायचे." इस्त्रीवालीने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते, पण ती हसत होती. मग खाट भिंतीपासून मधोमध ओढली, कपड्यांचं उभं कपाट दारापासून बाजूला घेतलं, म्हणजे पडलं तरी वाट अडू नये, आणि बाळ आत निजलं. तिचे पाय मी हातात घेऊन चोळले. खरंच गार होते, वन्सं. ते गार पाय मी जन्मात विसरणार नाही. थोड्या वेळाने ऊब आली आणि पोरीने माझ्या बोटाला लाथ मारली.

आणि मग यांना बघायला हवं होतंत. त्या घरातून जे निघाले ते घरोघर. आमच्या गल्लीत खोल्या लहान, खाटेच्या उशाचीच भिंत तेवढी मोकळी, त्यामुळे ज्याचं जे माणूस गेलं ते त्याच्या उशाशी टांगलेलं. आणि एकूण एक तसबीर यांच्या हातची. इतकी वर्षं हे आपल्या हाताने, चौरस मापून, लोकांच्या डोक्यांवर काचा टांगत आले होते, आणि मी वाहवा म्हणत होते. यांनी एकेक उतरवली. कुणी नको म्हणालं तर वाद घातला. तुमचे बंधू, वाद घातला. एक आजोबा म्हणाले, "माझी बायको मी उतरवणार नाही." हे म्हणाले, "मग तुम्ही खाट फिरवा, पाय तिकडे करा. पडल्या तर पायाशी पडतील." आजोबा म्हणाले, "चालेल. तिला तेवढंच हवं होतं." आणि खाट फिरवली.

सलूनवाल्याच्या घराचं वेगळं. तीन मजले, वर पाण्याची टाकी आणि खालच्या खांबाला उभी चीर. तिथे हे म्हणाले, हे मला कळत नाही, ज्याला कळतं त्याला आणा. शुक्रवारी पालिकेचे इंजिनिअर आले, चीर बघितली, टाकी रिकामी करायला लावली आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या घरात कुणी राहू नये असं लिहून देऊन गेले. सलूनवाला सध्या आमच्या पुढच्या खोलीत आहे, बायकोमुलांसह. मी त्याला अजून टोचून बोलते, आणि तो मला. पातेलं मोठंच लागतं.

शनिवारी काय झालं विचाराल. काहीही नाही. छोटासुद्धा नाही. सगळे दिवसभर कान टवकारून बसले होते आणि कपबशी वाजली नाही. संध्याकाळी लोक जरा हिरमुसलेच. कुणी म्हणालं काकूंच्या प्रार्थनेने टळला. मी म्हटलं, मी मोठा टळो म्हणून प्रार्थना करत नाही, सगळी माणसं नीट निजोत म्हणून करते. तो कसला टळतो, त्याला कुठे वेळ पाळायची आहे. आज सकाळी परत दोन हलके येऊन गेले. म्हणजे चालू आहे. संपत आलं आहे की सुरू होत आहे, हे तुम्हीही सांगू शकत नाही, असं तुम्हीच लिहिलं आहे.

यांना काही लोक आता थापाकाका म्हणतात. हे ऐकतात आणि पुढे जातात. काल दोन ताटं जेवले. आज दुकान उघडं आहे आणि गर्दी परत आहे, पण कधी असं कुणी विचारत नाही. काका, आमचं कपाट बघता का. काका, काचेऐवजी दुसरं काही बसवता येईल का. यांनी पातळ पारदर्शक प्लास्टिकचा नमुना मागवला आहे, फुटलं तर कापत नाही. दिसायला काचेइतकं छान नाही हे मी सांगितलं, तर मला म्हणाले, गेलेली माणसं एवढी छान दिसायची गरज नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी एवढी हरखून गेले आहे, वन्सं, की सकाळपासून दुधावर झाकण ठेवायचं दोनदा विसरले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते.

मघाशी जेवताना यांचा घास हातातच राहिला. म्हणाले, "ताईकडे आईबाबांची मोठी तसबीर आहे. दुहेरी काचेची. माझीच." मी विचारलं, कुठे लावली आहे? म्हणाले, "तिच्या पलंगाच्या उशाशी. मीच जाऊन लावली." आणि उठून हात धुतले, आणि मला कागद आणून दिला.

तुमच्याकडे हादरे पोचत नाहीत, हे मला माहीत आहे. तुम्ही त्यावर पानभर लिहाल, तेही माहीत आहे. तरी हे पत्र हातात असतानाच उठा. गुडघा दुखत असेल तर शेजारच्या कुणाला हाक मारा, स्वतः पलंगावर चढू नका. तसबीर उतरवा, भिंतीशी जमिनीवर टेकवा, आणि मग बाकीचं वाचा. बाकीचं आता फारसं नाही. हे येऊन ती नीट दुसऱ्या भिंतीला लावून देतील, म्हणतात. स्वतःहून म्हणतात. गाडीची वेळ त्यांनी बघून ठेवली आहे.

वार सांगून छातीठोक बोलणं आमच्या घरात आता बंद झालं आहे. पण तुम्ही आम्हाला हव्या आहात, हे मी कुठल्याही वारी, कुणाही समोर, खुर्चीवर उभी राहून सांगेन.

उतरवलीत की लगेच कळवा. तोवर जीव टांगणीला लावून बसलेली,

तुमची भावजय